बुरुजाचा परवाना

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे मोठे गाव लागते. गेल्या माघात एका विवाहाच्या निमित्ताने तेथे दोन दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. ज्या गृहस्थांकडे उतरलो ते जुन्या देशमुखी घराण्यातील, आमच्याहून वयाने वडील, चार ग्रंथ वाचलेले आणि अत्यंत अगत्यशील. त्यांच्या बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर दोन मोठ्या तसबिरी शेजारी-शेजारी लावलेल्या होत्या. एक श्रीशिवछत्रपतींची, तिला झेंडूचा ताजा हार होता. दुसरी एका ढासळत्या मातीच्या बुरुजाची. तिलाही तसाच हार होता. आमची नजर त्या दुसऱ्या तसबिरीवर खिळलेली पाहून यजमान म्हणाले, "ही आमची गढी, सर. येथून दोन कोसांवर आहे. बुरूज चढवायला आमच्या पूर्वजांना बादशाही परवाना होता. तो कुणालाही मिळत नसे."

अतिथीने यजमानाच्या भिंतीशी भांडू नये, हा शिष्टाचार आम्ही तेथे पाळला. परंतु घरी परतल्यावरही त्या दोन तसबिरी डोळ्यांपुढून हलेनात. कारण पहिल्या तसबिरीतील पुरुषाने दुसऱ्या तसबिरीतील वस्तू पाडून टाकण्याची आज्ञा केलेली होती. एकाच खिळ्याच्या रांगेत, एकाच दिवशी, एकाच हाताने दोघांसही हार घातला जावा, आणि घालणाऱ्यास त्यात काही विसंगती वाटू नये, हा केवळ एका घराचा प्रश्न नव्हे. कुलवृत्तांतांतून, स्मरणिकांतून, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पानांतून आज जिकडे तिकडे हाच प्रकार दिसतो. गढी म्हणजे पराक्रम, बुरूज म्हणजे मान, आणि बुरुजाचा परवाना म्हणजे मानाचा कळस, असे समीकरण सुशिक्षितांनीच रूढ केले आहे. ते समीकरण खोटे आहे, इतकेच नव्हे, तर ज्या राजाचे नाव आपण उठता-बसता घेतो त्याच्या राज्यनीतीचा तो उघड अवमान आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते येथे सप्रमाण मांडावयाचे आहे.

प्रथम 'परवाना' या शब्दाचाच विचार करू. खासगी माणसाने आपले घर लढाऊ करावे की नाही, आणि करावयाचे तर कोणास विचारून, हा प्रश्न केवळ आपल्याच देशात उपस्थित झालेला नाही. इंग्लंडात मध्ययुगात सरदारास, धर्माध्यक्षास किंवा धनवान व्यापाऱ्यास आपल्या वाड्याभोवती तट घालून त्यावर चर्या बसवावयाच्या असल्या, म्हणजे तो राजाकडून तशी सनद घेई. दगडचुन्याच्या भिंतीने घर बळकट करून त्यावर चर्या चढविण्याची मोकळीक अमुक अमुक यास दिली आहे, अशा ठराविक शब्दांत ती सनद राजाच्या दफ्तरात नोंदली जाई. बाराव्या शतकाच्या अगदी अखेरीपासून सोळाव्या शतकापर्यंत अशा सुमारे पाचशे सनदा दिल्या गेल्याचे दिसते. आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात असे शिकवीत आलो की, हा राजाने सरदारांच्या नाकात घातलेला वेसणीचा दोर होता. परवान्याशिवाय तट नाही, म्हणून राजसत्ता बळकट. पाठ्यपुस्तके तसे सांगत होती आणि आम्हीही ते निमूटपणे पुढे सांगितले.

तो आमचा प्रमाद होता. चार्ल्स कूल्सन या इंग्रज संशोधकाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्या सनदा बारकाईने तपासून निराळेच चित्र पुढे ठेवले. परवाना नाकारल्याची उदाहरणे क्वचित. त्याबद्दलचे शुल्क पुष्कळदा नाममात्र, कित्येकदा मुळीच नाही. आणि परवान्यावाचून तट बांधणारेही पुष्कळ, ज्यांस कोणी शासन केले नाही. मग परवाना मागत कशासाठी? तर मान मिळविण्यासाठी. राजाच्या मोहोरेचा कागद हाती आला म्हणजे मनुष्य एक पायरी वर चढला. श्रॉपशर परगण्यातील स्टोकसे येथील वाडा पाहा. लडलो गावच्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १२९१ साली पहिल्या एडवर्डकडून त्यासाठी परवाना मिळविला. वर चर्या, बाजूस बुरूज. आणि मधल्या दिवाणखान्यास उंच, रुंद, प्रशस्त खिडक्या! ज्या घरास अशा खिडक्या आहेत ते घर वेढा सोसण्यासाठी बांधलेले नसते, पाहुण्यांनी पाहावे म्हणून बांधलेले असते. पुढे साडेतीनशे वर्षांनी, १६४५ साली, राजा आणि पार्लमेंट यांच्या युद्धात त्या वाड्यापुढे खरोखरच सैन्य येऊन ठाकले, तेव्हा लढाईवाचूनच तो स्वाधीन करण्यात आला. चर्यांचे खरे मोल त्या दिवशी कळले.

याहून बोलके उदाहरण केंट परगण्यातील कूलिंगचे. जॉन कॉबम या सरदाराने १३८१ च्या आरंभी दुसऱ्या रिचर्डकडून परवाना घेतला आणि वेशीच्या बुरुजावर ताम्रपट ठोकून जगास जाहीर केले की, ही वास्तू मुलखाच्या साहाय्यासाठी उभारली आहे. फ्रेंचांच्या आरमाराची भीती होती, हे खरे. परंतु त्याच वर्षाच्या ज्येष्ठात केंटमधील शेतकरी करांच्या जाचास कंटाळून शस्त्र घेऊन लंडनवर चालून गेले. ज्या मुलखाच्या साहाय्यासाठी तो तट उभा होता, त्या मुलखातील माणसे तटाच्या कोणत्या बाजूस उभी होती, हे वाचकांनीच ठरवावे. तात्पर्य, जेथे परवाना मागणारास मिळतच जातो, तेथे तो राजाचा अंकुश राहत नाही. राजा आणि बलिष्ठ यांच्यामधील तो एक सौजन्याचा व्यवहार होतो. राजा म्हणतो, "मी सर्वांचे रक्षण करू शकत नाही, तू आपले कर." बलिष्ठ म्हणतो, "कृपा." ज्याच्यापाशी चुना नाही, दगड नाही आणि परवाना मागावयास लेखणीही नाही, त्याचे नाव या व्यवहारात येत नाही.

आता स्वदेशाकडे वळू. आदिलशाही, निजामशाही आणि मोगलाई या तिन्ही अंमलांत दख्खनचा मुलूख वस्तुतः देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या हाती होता. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीस बसून जी बखर लिहिली, तीत या स्थितीचे वर्णन थोडक्यात पण मर्मावर बोट ठेवून केलेले आहे. ज्या गावातून मिरासदाराने हजार-दोन हजार उगवावे, त्या गावाबद्दल सरकारात दोनशे-तीनशेच भरावे. उरलेल्या पैशावर वाडे, कोट, हुडे बांधावे, प्यादे-बंदुकी बाळगावे. आणि सरकारचा माणूस हिशेब विचारावयास आला तर दरवाजा लावून भांडावयास उभे राहावे, असा तो क्रम. म्हणजे जो बुरूज आज आम्ही पराक्रमाची खूण म्हणून दाखवितो, तो सभासदाच्या लेखी चोरलेल्या महसुलाची पावती होय.

शिवाजीमहाराजांनी यावर काय केले? त्यांनी परवान्याचे दफ्तर उघडले नाही. कोणाचा बुरूज किती उंच असावा याचे कोष्टक केले नाही. मुलूख हाती येताच त्यांनी हे वाडे, कोट, हुडे पाडून टाकले. जेथे कोट मोक्याचा होता तेथे सरकारी ठाणे बसविले. मिरासदारांचे हक्क रोख व धान्य या रूपाने नेमून दिले. आणि पुढे त्यांनी बुरुजाचा वाडा बांधू नये, साधे घर बांधून राहावे, असा नियम घालून दिला. सभासदाने दिलेली ही हकीकत इतकी स्पष्ट आहे की, तीवर भाष्याची आवश्यकता नाही. आमच्या मते राज्याभिषेकाइतकीच ही गोष्ट मोठी आहे. राज्याभिषेकाने राजा कोण हे ठरले. या नियमाने राज्य कोणाचे हे ठरले. इंग्लंडातही असा एक प्रसंग होऊन गेला. स्टीफनच्या बेबंदशाहीत गावोगाव उभे राहिलेले बेकायदा कोट दुसऱ्या हेन्रीने ११५४ नंतर जमीनदोस्त केले. परंतु त्याच्या मुलांच्या आमदानीपासून सनदांचे युग सुरू झाले आणि पाडण्याची जागा परवान्याने घेतली.

येथे कोणी म्हणेल, "शिवाजीमहाराजांनी स्वतः एवढे किल्ले बांधले, मग तटबंदीचा त्यांस विटाळ कसा?" हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो, पण किल्ला आणि गढी यांतील भेद न कळल्यामुळेच तो घेतला जातो. महाराजांचा किल्ला कोणाचाही नव्हता. त्यावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन अधिकारी समान दर्जाचे असत, आणि ते एकाच जातीचे नसावेत असा कटाक्ष होता, की एकाने फितवा केला तर दुसऱ्याने तो उघडकीस आणावा. त्यांपैकी कोणासही "हा माझा किल्ला" असे म्हणता येत नव्हते, कोणाच्या नातवास तो वारसाने मिळत नव्हता. गढी याच्या उलट. गढी म्हणजे एका घराचा किल्ला, एका आडनावाचा तट. किल्ला राज्याचे रक्षण करितो. गढी राज्यापासून घराचे रक्षण करिते. दोहोंचा दगड एक असेल, माती एक असेल, जंग्या आणि चर्याही एकाच गवंड्याने घडविलेल्या असतील; पण त्यांची कुळे निराळी आहेत.

दुसरा आक्षेप असा की, परचक्र आले तेव्हा याच गढ्यांनी देश तगविला. या बाबतीत आमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. ज्याने सबंध हयात राज्य राखण्यात वेचली त्याची साक्ष काढू. रामचंद्रपंत अमात्य यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले, सुमारे १७१५ सालचे आज्ञापत्र वतनदारांविषयी काय सांगते? हे लोक म्हणजे लहान-लहान देशनायकच; आहे तेवढ्यावर यांचे समाधान नाही; बळ आले की शेजाऱ्याचे बळकावावे, शासन होणार असे दिसले की आपले स्थळ मजबूत करून बसावे; आणि परचक्र आले म्हणजे वतनाच्या लोभाने सर्वांच्या आधी शत्रूस जाऊन भेटावे, इकडील भेद तिकडे द्यावा. म्हणून यांस स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये ठेवावे, असा त्या वृद्ध मुत्सद्द्याचा उपदेश आहे. सर्वच वतनदार असे होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बारा मावळच्या कित्येक देशमुखांनी स्वराज्यासाठी प्राण वेचले आहेत. परंतु ते लढले ते महाराजांच्या निशाणाखाली. आपल्या बुरुजाच्या आड बसून ते मोठे झाले नाहीत.

मग बुरूज परत आले कसे? औरंगजेबाच्या स्वारीने आले. संभाजीमहाराजांच्या वधानंतर, १६८९ पासून, राजाराम महाराजांस जिंजीहून राज्य चालवावे लागले. खजिना रिकामा, फौज विखुरलेली, आणि मोगल वतनांचे आमिष दाखवीत असलेला. अशा वेळी वतने आणि इनामे यांचा हात सैल सोडल्यावाचून लोक आपल्याकडे राहीनात. तो आपद्धर्म होता आणि त्याबद्दल राजाराम महाराजांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण आपद्धर्म तो आपद्धर्म. आजारात दिलेल्या पेजेस कोणी मेजवानी म्हणत नाही. राज्याच्या हतबलतेतून जी सनद निघाली, ती घराण्याच्या थोरवीचे प्रमाणपत्र म्हणून मिरवावी, हे शोभत नाही.

याच काळानंतरची शनिवारवाड्याची कथा महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे; तिचा अर्थ मात्र फारसा कोणी लावीत नाही. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी त्या वाड्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली, आणि खर्च १६,११० रुपये आला. पुढे वाड्यास कोट घालण्याचा विषय निघाला तेव्हा, परंपरेने सांगतात त्याप्रमाणे, शाहूमहाराजांनी हरकत घेतली. दगडी कोट बांधणे हा राजाचा अधिकार, सेवकाचा नव्हे. शिवाय दरवाजाचे तोंड दिल्लीकडे करून बादशहास डिवचू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून तटाचे खालचे काम दगडाचे व वरचे विटांचे झाले, आणि दिल्ली दरवाजा शाहूंच्या निधनानंतर, म्हणजे १७४९ नंतरच, पुरा झाला, असे ही परंपरा सांगते. ही हकीकत ज्या मनाने आपण ऐकतो ते मन पाहण्यासारखे आहे. आपल्यास शाहूमहाराज तेथे संकोची, भित्रे वाटतात आणि पेशवा तेजस्वी वाटतो. परंतु विचार करून पाहा: ज्याच्या फौजा नर्मदेपार गेल्या होत्या त्या पंतप्रधानास, "तुझे घर राजाच्या घरासारखे होऊ देऊ नको," असे सांगणारा तो दुबळा आवाज कोणाचा होता? तो आजोबांच्या नियमाचा शेवटचा प्रतिध्वनी होता. तो मावळला आणि तट पुरा झाला. पुढे काय झाले? फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्यास आग लागली, ती सात दिवस धुमसत राहिली, आणि आतील सारे दिवाणखाने जळून खाक झाले. उभा राहिला तो केवळ तट. बुरूज घराचे रक्षण करितो म्हणतात. येथे घर गेले आणि बुरूज राहिला.

आता आमच्या यजमानांच्या मुलखाकडे, म्हणजे मराठवाड्याकडे, येणे प्राप्त आहे. ते म्हणू शकतील, "हा शिवछत्रपतींचा मुलूख नव्हे. येथे निजामाचा अंमल, त्यावर चौथाईची दुअंमली, त्यात पुंडांचे धाडे. राजाच रक्षण करीना, तर आम्ही काय करावयाचे होते?" हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. ज्या गावी संध्याकाळी गुरे परत येतील की नाही याचा भरवसा नाही, त्या गावी कोणीतरी भिंत घालणारच. धाड आली की बायकामुले गढीत घेतली जात, बळदातील दाण्यावर आणि आतल्या आडाच्या पाण्यावर चार दिवस निघत, हेही आम्ही ऐकून आहो. पण या कबुलीतूनच आमचा मुद्दा सिद्ध होतो. गढी ही राजाच्या नादारीची निशाणी आहे. ज्या वर्षी ती बांधली गेली त्या वर्षी त्या मुलखात राज्य नव्हते, एवढेच ती उच्च स्वराने सांगते. तो दुःखाचा लेख आहे. त्यास विजयस्तंभ समजून हार घालणे हे अर्थाचा अनर्थ करणे होय.

शिवाय आत कोणास घेतले जाई आणि कोणाच्या मर्जीने? गढीत आश्रय मिळे तो कृपेने, हक्काने नव्हे. दिंडी दरवाजा उघडावयाचा की नाही हे आतला मालक ठरवी. गावास गावकूस होते, गावकुसाच्या आत गढी होती. आणि महार-मांगांची वस्ती गावकुसाच्याही बाहेर होती. जो वेसकर रात्रभर वेशीवर जागत असे, त्याचे स्वतःचे घर त्या वेशीच्या आत नव्हते. दोन-दोन भिंतींच्या बाहेर राहून दोन्ही भिंतींची राखण करणाऱ्या त्या माणसाचे छायाचित्र कोणत्या बैठकीत लावलेले आहे? आणि त्या भिंतीची माती वाहिली कोणी? इमारतीच्या कामी वेठबेगार धरण्याचा प्रकार त्या काळच्या कागदपत्रांत पावलोपावली आढळतो. बुरुजावर नाव देशमुखाचे. पाटी ज्यांच्या डोक्यावर होती त्यांची नावे कोठेच नाहीत.

आणि हे सारे करून तरी गढीने घर राखले काय? सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा वाडा आजही आपल्या भव्य दरवाजासह उभा आहे. पण लखुजींचा घात त्यांच्या वाड्यात झाला नाही. १६२९ साली निजामशहाच्या दरबारात, दौलताबादेस, पुत्रांसह त्यांची हत्या झाली. ज्याची चाकरी करावयाची त्याच्या दारी निःशस्त्र जावेच लागते, तेथे घरचा बुरूज बरोबर नेता येत नाही. हटकर नाईक नौसाजी याने नोव्हा येथील आपल्या कोटात अरबांच्या बळावर ठाण मांडले. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखालील फौजेने वेढा घालून तो कोट घेतला आणि आतील शिबंदीची कत्तल उडाली. नौसाजीचे शौर्य आम्ही नाकारीत नाही. पण कोटात कोंडून घेतलेल्या शौर्याचा शेवट बहुधा असाच होतो. मराठवाड्यातील गढ्या अखेर पडल्या त्या तोफांनी नव्हेत, कागदांनी. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी महसुलाची मक्तेदारी मोडून देशमुख-देशपांड्यांस रोख रुसूम बांधून दिला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्यच संपले. १९४९ साली जहागिरी गेल्या. उत्पन्न गेले तशी डागडुजी थांबली, आणि पावसाळ्यागणिक बुरूज हातभर खाली येऊ लागला.

यावर आमचे काही पुरोगामी मित्र म्हणतील, "मग पाडूनच टाका की!" तो विचारही आम्हांस मान्य नाही. पाडण्याचे काम, सांगावयास नकोच, चालूच आहे. गढीची पांढरी माती माळवदावर घालण्यास उत्तम, शेतात घालण्यासही उत्तम. म्हणून गाड्या भरभरून ती जात आली आहे. ज्यांच्या पूर्वजांनी ती वेठीने वाहून आणली त्यांच्या नातवांनी ती आपल्या घराच्या धाब्यावर नेऊन घालावी, यात एक प्रकारचा न्याय आहे, आणि तो आम्हांस मनातून आवडतो, हे लपवीत नाही. पण पुरावा नष्ट झाला म्हणजे खटला निकालात निघत नाही. उलट मनास येईल ती कथा रचण्यास रान मोकळे होते. बुरूज नाहीसा झाला की त्याची उंची वर्षागणिक वाढू लागते. म्हणून गढ्या राखाव्या. त्यांचे मोजमाप घ्यावे, दफ्तरे जपावी, उरलेला बुरूज सावरून धरावा. मात्र त्यापुढे जो फलक लावावयाचा त्यावर खरे तेच लिहावे: येथे राज्य नव्हते, म्हणून ही भिंत होती, ती अमक्याच्या घरासाठी होती, ती गावाने वाहिलेल्या मातीची आहे.

येथवर वाचून ज्यांच्या घराण्यात गढी नाही अशा वाचकांस कदाचित समाधान वाटले असेल. त्यांस तसे स्वस्थ बसू देण्याची आमची इच्छा नाही. आम्ही ज्या वसाहतीत राहतो तिच्याभोवती पुरुषभर उंचीची भिंत आहे, भिंतीवर काचा आणि तारा आहेत, आणि दरवाजावर देवडी आहे. देवडीत एक वही असते. भाजीवालीने, धुणेवालीने, टपालवाल्याने तीत नाव लिहिल्यावाचून आत यावयाचे नाही. आमच्या मोटारीस मात्र दरवाजा आपोआप उघडतो. भिंतीचा नकाशा नगरपालिकेने रीतसर मंजूर केलेला आहे. म्हणजे परवाना आहेच! रात्रभर पहारा करणारा मनुष्य भिंतीबाहेरच्या पत्र्याच्या खोपटात आपल्या मुलांस निजवून येतो. रस्त्यावरचे दिवे बंद असले तर आम्ही तक्रार करीत नाही, कारण आमच्या आतले दिवे चालू असतात. चौकीवर शिपाई नसला तर आम्हांस त्याचे सोयरसुतक नसते, कारण आमचा शिपाई आमच्या पगारावर आहे. जो वर्ग सरकारास जाब विचारू शकतो त्यानेच भिंत घालून घेतली, म्हणजे भिंतीबाहेरच्यांचा जाब विचारणार कोण? सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने जे लॉरेन्सास सांगितले, तेच आज आम्हांस सांगितले जात आहे, आणि आम्हीही "कृपा" म्हणून दरवाजा लावून घेत आहो. वसाहतीच्या कमानीवर शिवछत्रपतींचे नाव आहे, हे सांगितले नाही तरी वाचकांनी ओळखले असेल.

बोरीहून निघतेवेळी यजमान आम्हांस मोटारीच्या थांब्यापर्यंत पोचवावयास आले. वाटेत आम्ही भीत भीत विषय काढला. म्हटले, "काका, रागावू नका, पण महाराजांनी बुरुजाचा वाडा बांधू नये असा नियम केला होता." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठाऊक आहे, सर. सभासद मीही वाचला आहे. पण बुरूज गेला, तर आमच्या घराला ओळख काय राहिली?" त्या प्रश्नात अहंकार नव्हता, खरी व्यथा होती, आणि तेथल्या तेथे आम्हांस उत्तर सुचले नाही. आता सुचते ते असे. सभासदाने सांगितलेल्या नियमाचा अर्धा भाग निषेधाचा आहे आणि अर्धा आज्ञेचा. बुरूज बांधू नये, हे पहिले. घर बांधून राहावे, हे दुसरे. बोरीस आम्ही दोन दिवस ज्या घरात राहिलो त्यास बुरूज नव्हता. त्याचे दार सकाळी उघडले ते रात्री निजानीज होईपर्यंत लागले नाही, आणि त्या दोन दिवसांत गावातील कोणकोण त्या ओसरीवर येऊन बसून गेले याची कोणी वही ठेवलेली नव्हती. काका, आपल्या घराची ओळख ती. तिला परवाना लागत नाही.